पांढरी पिल्लं आणि आत्याबाई

आत्याबाई गेल्या हे मला कोणी तोंडाने सांगितलं नाही. भावजयीच्या बाळंतपणासाठी मी मुकुटबनला माहेरी गेले होते. सकाळी अंगण सारवत होते, तेवढ्यात जिनिंगमधला ओळखीचा गडी सर्व्हिस मोटारीतून उतरून दाराशी आला, पाणी प्याला आणि म्हणाला, “वहिनी, घरी चला. आत्याबाईले बरं नाही.” बोलताना तो हातातल्या तांब्याकडे पाहत होता. खरंच बरं नसतं तर काय दुखतं, कधीपासून दुखतं, कोणाला दाखवलं, हे सगळं त्याने सांगितलं असतं... मी हात धुतले आणि पिशवी भरली. मारेगावला पोचले तर अंगणात माणसं बसलेली होती आणि माझी मुलगी सुजाता आजीच्या पायाशी होती. मला पाहून ती म्हणाली, “आजीनं चहा मांगला होता. मी आणला तवर झोपली. मंग मी उठवली नाही.” कपावर तिने बशी झाकून ठेवली होती.

त्याला आता काही आठवडे झाले. येणारे येऊन गेले. ज्याला जे आठवलं ते तो बोलला. मी चहा दिला, पाणी दिलं, पण माझ्या तोंडून काही निघालं नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही, ही माझी लहानपणापासूनची खोड आहे. पण सर्वांत जास्त बोलायचं माझ्याकडेच होतं. चौथीपर्यंत शाळा झाली आहे. तेवढ्या शिकण्यात जे बसेल ते लिहिते.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्यांचं नाव गिरजाबाई. आमची माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, आम्ही बौद्ध झालो, त्याच्या पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं. मारेगावच्या बाहेर रस्त्याला लागून एक जिनिंग होती, कापसातून सरकी काढायचा कारखाना. माझा नवरा तिथे रुईच्या गठाणी बांधायच्या कामावर होता. आम्ही जिनिंगच्या चाळीत राहत होतो. मागच्या बाजूला कडुलिंबांच्या आड मॅनेजरसाहेबांचा बंगला होता. साहेब पारशी होते आणि त्यांच्या बायकोचं नाव पिरोजाबाई. आत्याबाई त्या बंगल्यावर कामाला होत्या आणि त्यांचं काम म्हणजे मांजरं सांभाळणं. लग्न ठरलं तेव्हा हे ऐकून माझी आई म्हणाली होती, “मांजराले कायले बाई पाह्यजे? ते तं आपलं आपण पाहून घेते.”

ती मांजरं पाहिली आणि मला आईचं बोलणं आठवून हसू आलं. पिरोजाबाईंच्या मुंबईच्या बहिणीने वेताच्या पेटीतून आगगाडीने एक जोडी पाठवली होती. सयामी मांजर म्हणतात त्याला. अंग सायीच्या रंगाचं, पण तोंड, कान, चारी पंजे आणि शेपूट बिब्ब्याच्या तेलात बुडवून काढल्यासारखं काळपट. डोळे निळे आणि जरासे चकणे. शेपटीच्या टोकाला गाठ. मादीचं नाव पिरोजाबाईंनी गुलू ठेवलं होतं, आत्याबाई तिला गुलाबाई म्हणत. नराचं नाव शेरू. गुलू ओरडायला लागली की लेकरू रडल्यासारखं वाटायचं. नवी नवरी म्हणून आले त्या दिवसांत मी दोनदा उठून बाहेर पाहिलं होतं की कोणाचं मूल एवढं रडतंय. मी घरात कोणाशीच बोलत नाही, नुसती कोपऱ्यात बसून असते, हे पाहून आत्याबाई एक दिवस म्हणाल्या, “चाल माह्यासंगं. मांजराशी बोलायले जीभ लागत नाही.” असं माझं बंगल्यावर जाणं सुरू झालं. त्या ब्रश फिरवायच्या, मी भांडी घासायची. साहेबांच्या घरी शिवाशिव नव्हती. आत्याबाई पाटावर बसून साहेबांच्या घरच्याच कपात चहा प्यायच्या. ते पाहून पहिल्या दिवशी माझ्या घशाखाली चहा उतरेना. त्या म्हणाल्या, “पी वं शांते. निवला तं पिरोजाबाई बोलन, चहा चांगला नाही का म्हणून.”

त्या उन्हाळ्यात गुलू व्याली. आत्याबाईंनी तिची टोपली स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला ठेवली होती. उबेला बरं, असा त्यांचा विचार. बंगल्यातल्या मोठ्या खोलीला वाळ्याच्या टट्ट्या लावलेल्या असत, त्यावर पाणी मारत, तिथे गारवा असायचा. पण बाळंतिणीला गारवा नको, हे आपल्याकडचं शहाणपण त्यांनी मांजरालाही लावलं. पिरोजाबाई पिल्लं पाहायला धावत आल्या आणि टोपलीपाशीच खाली बसल्या. सगळी पिल्लं पांढरी होती. कानावर नाही, शेपटीवर नाही, कुठेच काळा ठिपका नाही. धुतलेल्या रुईचे गोळे जसे.

“गिरजा, हे काय? हे तर सगळे पांढरे,” त्या म्हणाल्या. “माझ्या शेरूचे नाय हे.”

जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगावर एक मोठा पांढरा बोका झोपलेला असायचा, तो सगळ्यांनाच आठवला. चाळीतल्या बाया पिल्लं पाहायला येऊ लागल्या. बॉयलरवाल्याची बायको चंद्रभागाकाकू तर रोज यायची. टोपलीत वाकून म्हणायची, “माय, माय, एवढ्या मोठ्या घरची मांजर, अन् पाहा बरं काय करून बसली.” आणि पदर तोंडाला लावून हसायची. पिरोजाबाईंना ते फार लागलं. बहिणीला कळवायचं काय, याचीच त्यांना लाज वाटत होती. आत्याबाई म्हणाल्या, थांबून पाहू. पिरोजाबाई थांबल्या. पण त्या वर्षी ऊन असं होतं की छपराचे कवेलू हाताला चटका देत होते. पिल्लं खेळू लागली, भाताचं पाणी चाटू लागली, तरी पांढरीच. शेवटी पिरोजाबाई म्हणाल्या की मला ही डोळ्यासमोर नकोत. सरकी न्यायला गावोगावच्या बैलबंड्या येत होत्या. ज्याच्या घरी उंदीर आहेत त्याने एक पिल्लू न्यावं, असं ठरलं. पिल्लं टोपल्यांत बसून बंड्यांतून गेली. गुलू कितीतरी दिवस फाटकापर्यंत जाऊन रडायची. आत्याबाई तिला उचलून आणायच्या.

पुढे आषाढात हवा गार झाली, तेव्हा तांड्यावरचा एक बंजारा शेतकरी बंगल्यावर आला. तो मोठ्या बायांना याडी म्हणायचा, म्हणजे आई. धोतराच्या सोग्यात पिल्लू गुंडाळलेलं होतं. “याडी, तुमचं मांजर बिघडलं,” तो म्हणाला. “म्या काही केलं नाही. चुलीत गेलं नाही, तेलात पडलं नाही. कानं करपले, नाक करपलं, आता पाय करपून राह्यले. बिमारी असंन तं परत घ्या. घरात लेकरं हाय.” त्याने सोगा उघडला. आत गुलूसारखी गुलू बसली होती, लहानशी, निळ्या डोळ्यांची, काळ्या कानांची. पिरोजाबाई एकदम रडायला लागल्या. तो बिचारा आणखी घाबरला. म्हणाला, “मरंल काय?”

मग पिल्लं शोधायची धावपळ सुरू झाली. साहेबांची मोटार निघाली, आत पिरोजाबाई, आत्याबाई आणि वाट दाखवायला मी, कारण एक पिल्लू मुकुटबनला गेलं होतं. बाकीची मिळाली. काहींनी हसत दिली, काहींनी बदल्यात दुसरं मांजर मागितलं. मुकुटबनला गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी होती, पिल्लू तिच्याकडे होतं. तिने त्याचं नाव कापशी ठेवलं होतं. आम्ही गेलो तेव्हा ती बाजेवर बसली होती आणि पिल्लू तिच्या मांडीवर. पिरोजाबाईंनी सगळं समजावून सांगितलं, हे मांजर मोठ्या जातीचं आहे, चुकून दिलं गेलं. म्हातारीने ऐकून घेतलं. “न्यायचं असंन तं न्या,” ती म्हणाली. “पण हे दूध नाही पीत, ताक पिते, तेवढं ध्यानात ठेवा.” असं म्हणाली खरी, पण पिल्लावरचा हात काही काढला नाही.

आत्याबाई म्हणाल्या, “बाईसाहेब, चला आपण.”

“चला म्हणजे? मांजर?”

“पांढरं होतं तवा आपण टाकलं. तवा हिनं घेतलं. आता काळं झालं म्हणून कोण्या तोंडानं मांगता?”

“गिरजा, तू नोकर कोणाची? माझी का हिची?”

“तुमचीच. म्हणून तं सांगून राह्यलो. दुसऱ्याची असतो तं गप्प बसलो असतो.”

आमच्या वऱ्हाडात बायाही ‘मी बसलो, मी गेलो’ असंच बोलतात. शाळेत गुरुजींनी मला ते सोडायला लावलं, आत्याबाईंना कोणी लावलं नाही. मोटारीत परत येताना पिरोजाबाई तोंड फिरवून बसल्या होत्या. मला वाटलं, आत्याबाईंचं काम गेलं. मारेगाव जवळ आलं तेव्हा पिरोजाबाई खिडकीतून बाहेर पाहतच म्हणाल्या, “ताक पिते म्हणे. माझ्या गुलूची मुलगी ताक पिते.” आणि हसू लागल्या. आत्याबाईही हसल्या. मी तेवढ्यावरच देवाचे आभार... नाही, आता तसं म्हणत नाही आम्ही. मी मोकळा श्वास घेतला.

तेव्हापासून आत्याबाईंना रंगाचा नादच लागला. हिवाळ्यात झालेल्या पिल्लांचे कान थोड्याच दिवसांत काळे होतात, उन्हाळ्यातल्यांचे रखडतात, हे त्यांनी ओळखलं. चुलीपाशी झोपणारं मांजर फिकं राहतं, वाळ्याच्या टट्टीखाली झोपणारं गडद होतं. एकदा शेरूला जखम झाली, कंपाउंडरने मांडीवरचे केस कापले, ऐन थंडीत. तिथे नवे केस आले ते काळे. पिरोजाबाई म्हणाल्या, डाग पडला, मांजर गेलं वाया. आत्याबाई म्हणाल्या, तेवढी जागा उघडी पडून गारठली, उन्हाळ्यानंतर उतरेल. तसंच झालं. पुढे मुंबईहून चित्रांचं एक पुस्तक आलं, त्यातही हेच लिहिलं होतं, की गारव्याने रंग चढतो आणि उबेने उतरतो. पिरोजाबाईंनी ते वाचून सांगितलं तेव्हा दोघी इतक्या खूश झाल्या की जणू दोघींना एकाच घरून निरोप आला. पुस्तकात रंगांची इंग्रजी नावं होती, सील, चॉकलेट, ब्लू. आत्याबाईंची नावं वेगळी. काळपट तो बिब्ब्याचा. तांबूस तो वाळल्या मोहाचा. निळसर करडा तो राखुंडीचा. पिरोजाबाईसुद्धा पाहुण्यांना सांगू लागल्या, “हा जो आहे ना, हा राखुंडी.” पाहुण्यांना काही कळायचं नाही.

आता जे सांगायचं आहे ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

लग्नानंतर काही वर्षांनी मला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मुकुटबनला गेले. मुलगी झाली. मी सावळी, माझा नवरा चांगला काळा. मुलगी झाली ती गोरीपान, डोळे घारे. सुईण म्हणाली, नशीब काढलं. माझी आईही आनंदात होती. मीही होते. मनात दुसरं काही यायला कारणच नव्हतं. मी कोणत्याच आडवाटेला गेले नव्हते, हे इथे एकदाच लिहिते.

मुलीला घेऊन मारेगावला आले. आत्याबाईंनी दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, मुलीला घेतलं, उजेडाला नेलं आणि टोपडं मागे सरकवून तिचे कान पाहिले. जन्मल्यावर लेकराचा रंग खरा नसतो, कानाच्या पाळीवर जो असतो तोच पुढे अंगावर येतो, असं आपल्याकडे म्हणतात. त्यांनी दोन्ही कान पाहिले. मग टोपडं पुढे ओढलं आणि त्याची नाडी बांधली. “हवा हाय बाहेर,” एवढंच म्हणाल्या.

चाळीत कुजबुज सुरू झाली. ही सून बंगल्यावर जाते, बंगल्यातली माणसं गोरी, साहेबांचे पाहुणे मुंबईहून येतात. कोणी माझ्यासमोर बोललं नाही, पण मी विहिरीवर गेले की बोलणं थांबायचं. नवरा आधी मुलीला घ्यायचा, मग घेईनासा झाला. मग जेवायला उशिरा येऊ लागला. मला विचारत काही नव्हता. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण न विचारलेल्याचं उत्तर कसं द्यायचं... एक दिवस विहिरीवर आत्याबाई आणि मी दोघी होतो. चंद्रभागाकाकू दोर सोडत म्हणाली, “काहून वं गिरजे, नात सयामी झाली म्हणते तुही?”

बाया हसल्या. आत्याबाईंनी बादली वर घेतली, खाली ठेवली. “हो नं,” त्या म्हणाल्या. “थांब थोडी. रंग चढंल.”

“अन् नाही चढला तं? बंगल्याच्या मांजरीपाशी बोका तरी सापडला होता.”

“कोणता बोका? बोका कवा आलाच नव्हता, चंद्रभागे. तूच आलती रोज, टोपलीत वाकून पाहायले.”

आता बाया चंद्रभागाकाकूला हसल्या.  वाटेत आत्याबाईंनी माझ्या डोक्यावरची घागर स्वतःच्या डोक्यावर घेतली.

थांबा, रंग चढेल, हे त्या सगळ्यांना सांगू लागल्या. मलाही ते खरं वाटलं. मी रोज सकाळी मुलीला उजेडात नेऊन तिचे कान पाहायची. हिवाळा आला तेव्हा मी वेडीसारखी तिला अंगणात उघडी ठेवू लागले. गारव्याने चढतो ना, म्हणून. आत्याबाईंनी पाहिलं तेव्हा धावत येऊन तिला पदरात घेतलं. मला वाटलं, आता रागावतील. त्या म्हणाल्या, “शांते, लेकरू म्हणजे मांजर नव्हे. हिले सर्दी होईन.” आणि मग हळूच, “हिचे कानं मी पहिल्याच दिवशी पाह्यले व बाई.” म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की हा रंग काही बदलायचा नाही. थांबा म्हणत होत्या ते लोकांना थांबवण्यासाठी. मी रडू लागले. माझ्या शपथा त्यांना सांगाव्या असं वाटलं, तोंडही उघडलं, पण त्यांनी मुलीला माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “हिले दूध पाज आधी.” त्या दिवशीही नाही आणि पुढे कधीही नाही, त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

थोड्या दिवसांनी माझा भाऊ आला. नवऱ्यानेच निरोप धाडला होता, हिला काही दिवस घेऊन जा. काही दिवस म्हणजे किती, हे कोणी बोललं नाही. भावालाही समजलं होतं, तो मान खाली घालून ओसरीवर बसला होता. माझी पेटी भरून ठेवलेली होती. बाहेर चंद्रभागाकाकूसकट दोघीतिघी उगाच उभ्या होत्या. आत्याबाईंनी भावाला आणि नवऱ्याला शेजारी शेजारी जेवायला बसवलं. जवारीची भाकर, अंबाडीची भाजी वाढली. मग मुलीला मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर बसल्या आणि तिच्या तोंडाकडे पाहत, जशी कोणी रोजचीच गोष्ट बोलतं तसं म्हणाल्या, “माह्या मायचे डोळे असेच होते.”

नवऱ्याचा घास हातात राहिला. “कोणाचे?”

“माह्या मायचे. तुह्या आजीचे. असेच घारे. अन् रंग असाच, दुधासारखा. गावात तिले घारी म्हणूनच हाका मारत. तुह्या मामाच्या लग्नाच्या आधीच गेली ती, तुले काय माहीत.”

“मले कवा सांगतलं नाही तू.”

“तू कवा इचारलं?”

 आत्याबाई म्हणाल्या, “हात धू अन् इकडं ये.” तो उठला, हात धुऊन आला. त्यांनी मुलगी त्याच्या हातात दिली. “धर. आपल्या आजीले धर.” त्याने धरली. तो तिच्याकडे बराच वेळ पाहत होता. मुलीने त्याचं बोट पकडलं. बाहेरच्या बाया हळूहळू पांगल्या. भाऊ संध्याकाळच्या सर्व्हिसने एकटाच परत गेला. पेटी मी पुन्हा रिकामी केली. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मुलीचं इतके दिवस राहून गेलेलं नाव ठेवलं, सुजाता. विहारात ऐकलेल्या गोष्टीतलं नाव होतं, त्यांना आवडलं होतं.

त्यानंतर घारी पणजी आमच्या घरात राहायलाच आली. सुजाताला केस विंचरून घ्यायचे नसले की आत्याबाई म्हणायच्या, घारीची वेणी गुडघ्यापर्यंत होती. तिने ताटात भाकर टाकली की, घारीने दुष्काळात अर्धी भाकर खाऊन अर्धी शेजारणीला दिली. घारी विहिरीत उतरली, घारीने लांडगा हाकलला. शाळेत मुली चिडवायच्या तेव्हा सुजाता त्यांना सांगायची, माझे डोळे माझ्या पणजीचे आहेत, आणि त्या मुलीसुद्धा मग घारीच्या गोष्टी ऐकायला आमच्या ओसरीवर येऊन बसायच्या. एकदा बंगल्यावर पिरोजाबाई तिला जवळ घेऊन म्हणाल्या, “गिरजा, हिचे डोळे पाहून मला माझी गुलूच आठवते.” मायेने म्हणाल्या होत्या. पण आत्याबाईंनी लगेच सांगितलं, “नाही बाईसाहेब. माह्या मायचे.” पुढे साहेबांचं कुटुंब मुंबईला गेलं, मांजरंही गेली. पिरोजाबाई जाताना आत्याबाईंच्या गळ्यात पडून रडल्या. बंगल्यात आता दुसरे साहेब आहेत, त्यांच्याकडे कुत्रा आहे.

मी आत्याबाईंना कधी विचारलं नाही की घारी खरंच होती का. त्यांनी मला विचारलं नाही, मग मी त्यांना काय म्हणून विचारणार.

आत्याबाई गेल्यावर जलदानाच्या विधीला महागावहून त्यांची धाकटी बहीण आली. आम्ही तिला महागावची मावशी म्हणतो. लांबचा रस्ता, त्यामुळे तिचं येणं फार कमी. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं ओसरीवर बसली होती. सुजाता मावशीच्या मागे मागे करत होती. तिला वाटलं असेल, आजी गेली, आता घारीच्या गोष्टी हिच्याकडूनच मिळणार. ती म्हणाली, “मावशीआजी, घारी पणजी कशी होती व? तू पाह्यली होती?”

“कोण घारी?”

“तुही माय. घाऱ्या डोळ्याची. गोरी.”

मावशी हसली. “आमची माय? बाई वं, आमची माय काळी होती, तव्यासारखी. डोळे हे असे काळेभोर. गोरं तं आमच्या खानदानात...”

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते.  ओसरीवरच्या सगळ्यांनी ऐकलं होतं. सुजाता मावशीकडे पाहत होती आणि तिच्या तोंडावरचं काहीतरी हळूहळू जात होतं. मग ती वळली आणि तिने तिच्या बाबांकडे पाहिलं.

ते खांबाला टेकून बसले होते.  ते उठले नाहीत, आवाजही चढवला नाही. “मावशे,” ते म्हणाले, “तू लहान होती. तुले काय याद असणार. माही माय मोठी होती, तिनं पाह्यलं होतं. घारीच होती आजी.”

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. मग सुजाताकडे, तिच्या डोळ्यांकडे, आणि मग दारात माझ्याकडे. तिचे डोळे अगदी आत्याबाईंसारखे बारीक झाले. “हो बाप्पा,” ती म्हणाली. “मी लहानच होतो. तव्यासारखी ती आमची काकू. मह्यं डोकं आता राहत नाही जागेवर.” तिने सुजाताला ओढून जवळ बसवलं. “घारीच होती माय. अन् गाय होती तिच्यापाशी एक. आजीनं सांगतलं नसंन तुले गाईचं.”

“नाही,” सुजाता म्हणाली.

“तिचेबी डोळे घारेच होते. बाजारात गेली तं लोक आधी गाईकडं पाहत, मंग मायकडं, अन् म्हणत, दोघी बहिणी दिसते व.”

मी आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं. बाहेरून सुजाताचं हसणं ऐकू येत होतं. थोड्या वेळाने तिचे बाबा कप घ्यायला आत आले.  त्यांनी कप मोजले, सवयीने आत्याबाईंचा म्हणून एक जास्तीचा घेतला, पुन्हा जागेवर ठेवला आणि बाकीचे बाहेर नेले.

मावशी महागावला परत गेली आहे. आता आमच्या घरातल्या गोष्टीत एक गाय आली आहे. काल सुजाता मला तिच्याबद्दल सांगत होती, ती कोणाला मारायची नाही, फक्त घारीच्याच हातून धार काढू द्यायची. हे मावशीने सांगितलेलं नव्हतं, मी सगळं ऐकलं होतं. मी विचारलं, मग पुढे काय झालं, आणि तिने पुढचंही सांगितलं.